नांदोलोची डाळ

लातूर,
१८ नोव्हेंबर २०२४

ती. दादांस,
वर्षाराणीचा सा. न. मायच्याही पाया पडते.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मोबाईलवरची अक्षरं दिसत नाहीत, म्हणून हे मोठ्या अक्षरात लिहिलेलं पत्र. एरवी मी लिहायला कंटाळते, पण आज शाळेतून आल्या आल्या बसले, कारण बातमीच तशी आहे. आपल्या घरी आफ्रिकेतून पाहुणी आली आहे.

तिचं नाव तमांडा. देश मलावी. माझ्याहून चार-दोन वर्षांनी लहान असेल. मुळान्जे नावाचा मोठा डोंगर आहे, त्याच्या पायथ्याशी तिचं गाव, आणि सगळं गाव काय पिकवतं म्हणाल, तर तूर. आपल्यासारखीच, मक्यात आंतरपीक. तिथल्या शेतकऱ्यांच्या संघानं तिला निवडून इकडे पाठवलं आहे, खर्च एका संस्थेनं केला. यांच्या कारखान्यात ती छोटी डाळ गिरणी बनवायला आणि दुरुस्त करायला शिकणार. राहायची सोय लांब केली होती, मीच म्हटलं घरी आण.

दादा, त्या देशात माती चांगली, समुद्रासारखं मोठं तळं आहे, माणसं कष्टाळू. पण पिकतं ते सगळं कच्चं बाहेर जातं. तूर पोत्यात भरून जहाजानं भारतात येते, इथे आपल्या लातुरात तिची डाळ होते. आणि तमांडा सांगते की त्यांच्या शहरातल्या दुकानात डाळीची पुडी मिळते ती परदेशातून आलेली, गावच्या माणसाला न परवडणारी. तिचं म्हणणं एवढंच की आमच्या तुरीची डाळ आमच्या गावात का होऊ नये. हे सांगताना ती अशी तडतडते की ऐकणाऱ्याला बसवत नाही. देश कसा वर येणार यावर मी वर्गात निबंध लिहून घेते, पण हातात पाना घेऊन उत्तर शोधणारी बाई पहिल्यांदाच पाहिली.

त्यांच्या भाषेत तुरीला नांदोलो म्हणतात. मी म्हटलं, माझं माहेर नांदेडचं. तेव्हापासून ती मला नांदोलोची ताई म्हणते.

तिला आपलं शेत बघायचं आहे. तूर काढणीला आली की पाठवू का, कळवा. तब्येतीला जपा आणि या मुलीवर माया असू द्या, ती लांब असली तरी.

तुमची,
वर्षाराणी

*

बोरवाडी, ता. भोकर
२९ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. वर्षाराणीस तुझ्या दादाचा आशीर्वाद. जावईबापूंना रामराम.

तुझं पत्र पोचलं. अक्षर मोठं काढलं ते बरं केलं. तुझ्या मायला दोनदा वाचून दाखवलं. ती इचारून राहिली की पाहुणीला तिखट चालतं का, अन आंघोळीला पानी लई गरम लागतं का. मी म्हनलो, तिला आधी येऊ तर दे.

पाहुणी जरूर येऊ दे. घर तिचंच हाय. पर एक गोष्ट मी तिला तोंडावर इचारणार, राग मानू नये. आमची तूर मोंढ्यात गेली की आडत्या म्हनतो, बाहेरची तूर उतरली, भाव पडला. बाहेरची म्हंजी कोनाची, ते तुझ्या पत्रातून आज कळलं. वर्षभर फवारून, राखून, मी गाडी भरून नेतो, अन माझ्या आधी तिची जहाजं येऊन बसलेली. त्यात जावईबापू तिलाच मशीन शिकवून राहिले. त्यांचा धंदा हाय, त्यांनी करावा. मला मात्र जवाब पाहिजे.

हे सगळं तिला वाचून दाखव. मागून बोलायची माझी रीत न्हाई.

तुझा भाऊ वैजनाथ अन सूनबाई राजकन्या मजेत हायत. नातीचं, सुकन्याचं, पहिलीत नाव घातलं. ती मला पाटीवर लिहून बोलते, अन चुकलं की माझ्यावरच चिडते.

लोभ हाय तो कमी होऊ देऊ नको, भांडण झालं तरी.

तुझा,
दादा (किशनराव)

*

लातूर,
५ जानेवारी २०२५

ती. दादांस,
सा. न. वि. वि. नव्या वर्षाचा नमस्कार.

तुम्ही वाचून दाखव म्हणालात म्हणून धीर करून तमांडाला तुमचं पत्र वाचून दाखवलं. वाटलं, पोरगी दुखावणार. तिनं पत्र माझ्याकडून घेऊन तुमचं अक्षर पाहिलं. मग म्हणाली की त्यांच्या गावात दरवर्षी खरेदीदार येतो आणि सांगतो, यंदा भारतात तूर भरपूर झाली, तुमची कुणाला नको, देता तर या भावानं द्या. दादा, म्हणजे तुम्हाला सांगतात तिकडून खूप आली, आणि त्यांना सांगतात इकडे खूप पिकली. मी हातातलं काम टाकून खालीच बसले. तुम्ही दोघं एकमेकांच्या नावानं घाबरवलेली माणसं. ती म्हणाली, तुझ्या वडिलांचा जवाब मी स्वतः जाऊन देणार.

येळवसीच्या सणाला, रानातल्या जेवणाला, तिला निलंग्याला माझ्या सासरी नेलं होतं. शेतात बसून सगळ्या शेंगा-भाज्यांची भज्जी खाल्ली, त्यात तुरीचे कोवळे दाणे दिसले तशी नांदोलो, नांदोलो करत सगळ्यांना दाखवत फिरली. ताकातली आंबील तिला फार आवडली. सासूबाईंनी तिची ओटी भरली.

आता काळजीचं लिहिते. शहरातले एक मोठे डाळ गिरणीवाले आहेत, यांच्या कारखान्याचं निम्मं काम त्यांचंच असतं. ते परवा येऊन म्हणाले की तिकडच्या बाया तिकडेच डाळ करायला लागल्या तर आम्ही काय दळायचं. त्या बाईला मशीन दिलंत तर आमची कामं दुसरीकडे जातील. तेव्हापासून यांचं जेवणात लक्ष नाही. कारखान्यात कामाला माणसं आहेत, त्यांचीही घरं आहेत. तमांडाच्या कानावर गेलं तशी तिनं बॅग भरायला घेतली, म्हणाली तुमच्या घरावर माझ्यामुळे संकट नको. मी बॅग काढून घेतली, पण पुढे काय ते मला कळत नाही.

पुढच्या आठवड्यात तिला एसटीत बसवते. मला शाळेमुळे जमणार नाही, वैजनाथला नांदेडच्या स्टँडवर उभं राहायला सांगा. तिला मराठी चार शब्द येतात, तुम्हाला ऐकू येत नाही. कसं निभावणार आहात देव जाणे.

पाठीवर हात असू द्या, आत्ता त्याची गरज आहे.

तुमची,
वर्षाराणी

*

बोरवाडी,
२० जानेवारी २०२५

चि. सौ. वर्षाराणीस व जावईबापूंस आशीर्वाद.

पाहुणी सुखरूप पोचली आसंल. वैजनाथ तिला नांदेडपर्यंत सोडून आला. आज सकाळी तुझ्या मायनं तिच्या वाटची भाकर टाकली, अन मग ध्यानात आलं तशी ती गाईला घातली.

खरं सांगतो, मी भांडायच्या तयारीनं बसलो होतो. मधी बोलनार कोन, हा पेच होता. तर आपली राजकन्या पुढं झाली. पाहुणीचं इंग्रजी ऐकायची अन माझ्या कानाशी येऊन मोठ्यानं मराठीत सांगायची. सून घरात येऊन इतकी वर्षं झाली, तिला हे येतं ते मला ठाऊक न्हाई. मी इचारलं तर म्हनली, मामा, कधी कामच पडलं न्हाई.

दुसऱ्या दिवशी तूर कापायला गेलो. पाहुणीनं कमरेचं नक्षीचं कापड आवळलं, इळा घेतला अन पात धरली. गडीमानसं बघत राहिले. दुपारी लिंबाखाली मी माझं गाऱ्हाणं मांडलं. तिनं सगळं ऐकून घेतलं, खरेदीदाराचं सांगितलं, जे तू लिहिलं होतं. मग तिनं इचारलं की तुम्ही जेवताना जे वरण वाढलं, त्याची डाळ कुठली. हा सवाल माझ्या कानाशी सांगताना राजकन्यानं मान खाली घातली. मग तिनंच आम्हा दोघांना सांगितलं, दुकानातली. पाहुणी माझ्याकडं बघून राहिली. हसली न्हाई, टोमणा मारला न्हाई.

वर्षा, आपली तूर मोंढ्यात जाते अन डाळ किराण्यातून येते, ह्यात मला आजपर्यंत काही वावगं दिसलं न्हाई. तिच्या देशाचा जो आजार हाय तोच माझ्या घरात हाय.

मी सारी दुपार इचार केला. तिच्या गावात डाळ झाली तर तिची तूर तिच्याच मुलखात खपंल, तिला दाम मिळंल, अन माझ्या दारात ती कमी उतरंल. तिचं भलं म्हंजी माझं नुकसान, हे माझ्या डोक्यात कोनी भरलं काय ठाऊक. तवा जावईबापूंना माझा निरोप दे. त्या गिरणीवाल्याला दुरून सलाम करा अन मशीन करा. एक नको, दोन करा. दुसरं आपल्या गावच्या बचत गटाचं. बाया काल मारुतीच्या पारावर बसल्या होत्या, राजकन्याला पुढारी केलं हाय. चार गावांनी चार मशीनं घेतली तर कारखान्याचं निम्मं काम परत येतं का न्हाई, तेवढा हिशेब जावईबापूंनी करावा. फिकीर करू नये.

पाहुणीला सांग, जवाब मिळाला.

आमच्यावर जीव ठेवता तसाच ठेवा.

तुझा,
दादा

*

बोरवाडी,
१६ मार्च २०२५

सौ. वर्षाताईंना,
राजकन्याचा नमस्कार.

ताई, मी तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही, पण मामा म्हणाले की हे तूच लिही, तुझ्या डोळ्यांनी पाहिलंस. सवय नाही, अक्षर समजून घ्या.

मशीन टेम्पोतून आलं तेव्हा सगळं गाव जुन्या गोदामापाशी जमलं होतं. लातूरहून दाजी आणि तमांडा दोघं बरोबर आले. बसवून झालं, नारळ फुटला, आम्ही तेलपाणी करून वाळवलेली तूर वर ओतली, आणि खाली काय आलं, तर नुसता चुरा, चुनी आणि पीठ. दुसऱ्यांदा ओतली तर मशीन कण्हल्यासारखं करून बंदच पडलं. बाया माझ्याकडे बघायला लागल्या. गटाचं नाव मी पुढे केलं होतं, मला तोंड कुठे लपवू असं झालं. मागे कुणीतरी हसलंही.

दाजी पाना घेऊन पुढे झाले, तर तमांडानं त्यांना हातानं थांबवलं. मला म्हणाली, यांना सांग, बाहेर जाऊन बसा. माझ्या गावी तुम्ही नसणार. दाजींना ते पटलं असावं. पाना तिच्या हातात देऊन पायरीवर मामांजवळ जाऊन बसले, पण त्यांची मान सारखी आत वळत होती.

मग तिनं मला हाताशी घेतलं. झाकण काढलं, पट्टा उतरवला, आणि मला आत हात घालायला लावला. मी म्हटलं, मला यातलं काही कळत नाही. ती म्हणाली, लातूरला आले तेव्हा मलाही कळत नव्हतं. खड्ड्यांतून येताना रोलरच्या एका बाजूचा स्क्रू सैल झाला होता, रोलर तिरका बसून दाणे चिरडत होता. आम्ही दोघींनी तो उचलून सरळ केला, आवळला, फट पुन्हा बसवली. माझे हात कोपरापर्यंत काळे झाले. तिच्या गालावर काळा पट्टा, तो कुणी सांगितला नाही.

परत सुरू केलं. आधी टरफल उडालं. मग, ताई, पिवळीधमक डाळ आली, अख्खी दोन दळं, सोन्यासारखी. बाया ओंजळी धरून उभ्या राहिल्या. ज्यांना हसू आलं होतं त्यांनीच पोती आणायला घरी माणसं पळवली. मामांना मशीनचा आवाज येईना, तेव्हा ते आत आले आणि भिंतीला तळहात लावून उभे राहिले. म्हणाले, चालतंय, नीट चालतंय. तमांडा हसत होती आणि डोळे पुसत होती.

आत्याबाईंनी, तुमच्या मायनं, त्याच डाळीचं वरण केलं, गोदामाच्या अंगणात पंगत बसली. दाजींना दोनदा वाढून घेताना मी पाहिलं, तुमची एक काळजी मिटली. हिमायतनगरकडच्या गटाच्या बाया मशीन बघायला येऊन गेल्या, दाजींचा नंबर घेऊन गेल्या.

तमांडा एप्रिलमध्ये जाणार म्हणाली. इथून निघताना तिनं कमरेचं नक्षीचं कापड मला दिलं, मी तिला पैठणी काठाची साडी. ती तिकडे नेसून गिरणी चालवणार आहे, मी नको म्हटलं, पट्ट्यात अडकेल.

धाकटीवर तुमचा जीव असाच असू द्या.

तुमची,
राजकन्या

*

लातूर,
७ सप्टेंबर २०२५

ती. दादांस,
सा. न. मायला नमस्कार, सुकन्याला पापा.

मशीन पोचलं. तमांडाच्या गावात डाळ झाली. हे आधी लिहून टाकते, मग बाकीचं.

तमांडा गेल्यापासून आम्ही कसे दिवस काढले ते तुम्हाला कळवलं नव्हतं. तिच्या देशाला समुद्र नाही, मशीन शेजारच्या देशाच्या बंदरात उतरलं आणि तिथेच अडकलं. आज सुटेल, उद्या सुटेल करत अर्धा पावसाळा गेला. हे रोज म्हणायचे, खाऱ्या हवेत रोलर गंजला असेल. इकडे त्या मोठ्या गिऱ्हाइकानं काम काढून घेतलं ते घेतलंच, सुरुवातीचे महिने कठीण गेले. पण आता कारखान्यात जमिनीवर पाय ठेवायला जागा नाही. हिमायतनगरचं मशीन गेलं, निलंग्याची दोन रंगवायला लावली आहेत, सगळी छोटी, गावातली. तुम्ही सांगितलेला हिशेब जुळला, असं यांनी मुद्दाम लिहायला सांगितलं.

आता तमांडाचं. तिकडे तुरीची सुगी चालू असतानाच मशीन पोचलं. वीज कधी असते कधी नसते, म्हणून डिझेल इंजिनावर जोडलं. पहिल्याच आठवड्यात पट्टा तुटला, तिथे दुकान नाही, तर तिनं ट्रकच्या जुन्या टायरचा कापून बसवला. डाळ शहरात गेली आणि खपली. गावातल्या शाळेत पोरांना दुपारी शिजवून घातली. आणि दरवर्षीचा तो खरेदीदार आला, तर निम्म्या गावाची तूर गिरणीत गेलेली. ती लिहिते की तो झाडाखाली उभा राहिला आणि पहिल्यांदाच त्यानं भाव सांगितला नाही, विचारला. तिच्या आईनं त्याला बसायला स्टूल दिलं आणि सांगितलं की बैस, आम्ही विचार करून सांगतो.

दादा, हे वाचून मी घरात एकटीच येरझाऱ्या घालत होते. एवढ्याशानं देश सुधारतो का, मला माहीत नाही. पण शेजारच्या तीन गावांनी आता गिरणी मागितली आहे, तिथल्या सरकारी माणसानंही येऊन पाहिलं. सुरुवात अशीच दिसत असणार.

आता मुख्य गोष्ट. त्या तीन गावांतल्या बायांना शिकवायला त्यांना इकडून कुणीतरी हवं आहे, दोन महिने. मला वाटलं यांना बोलावतील. नाही. तमांडानं राजकन्याचं नाव कळवलं आहे. तिचं म्हणणं, कारागीर नको, काहीच येत नसताना जी शिकली ती हवी, आणि जिला बोलता येतं ती. खर्च तीच संस्था करणार. मला थोडा हेवा वाटला, खोटं कशाला बोलू.

वैजनाथ काय म्हणेल, सुकन्या लहान आहे, गावातली गिरणी आहे, हे सगळं मला कळतं. म्हणून मी जोर करत नाही. निर्णय तुमच्या घरात होऊ दे. पण होऊ दे.

तुमच्या मायेची सवय झाली आहे, ती मोडू नका.

तुमची,
वर्षाराणी

*

बोरवाडी,
९ नोव्हेंबर २०२५

सौ. वर्षाताईंना,
नमस्कार. दाजींनाही.

तुमचं पत्र मामांनी मोठ्यानं वाचलं, आणि माझं नाव आलं तिथे थांबले. मग त्यांनी पत्राची घडी घालून ते देवळीत ठेवलं. तुमचे भाऊ बैलांना चारा घालताना एकदाच म्हणाले की तुला जावंसं वाटतं का. मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी ते सुकन्याची वेणी घालायला बसले. वाकडी आली.

मामा आधी नाहीच म्हणाले. इथली गिरणी कोण बघणार, हा त्यांचा सवाल. आत्याबाईंनी मात्र पहिल्यांदा त्यांच्यासमोर आवाज चढवला. पोरीचं मी बघते म्हणाल्या. मी नांदेडच्या पुढं गेले न्हाई, मला कोनी इचारलं न्हाई, हिला इचारलंय तर जाऊ द्या. मामांना ऐकू आलं की नाही माहीत नाही, पण त्यांचा चेहरा ऐकू आल्यासारखा झाला. ते उठून गिरणीत गेले आणि दिवसभर कोपऱ्यात बसून राहिले. मी त्या दिवशी मुद्दाम गेले नाही. गटातल्या बायांनी मशीन लावलं, एकदा अडलं ते उघडून साफ केलं, डाळ भरली, दार लावलं. घरी येऊन मामांनी विचारलं की पासपोर्टचा फोटो कुठं काढतात.

मग पोलीस चौकशीला हवालदार आले. मोटारसायकल दारात थांबली तशी सारी आळी जमली. त्यांनी विचारलं, परदेशात कशाला चाललात, घरकामाला का, एजंट कोण आहे. रागानं नाही, त्यांना रोज तेच बघायला मिळत असणार. मामांनी मला विचारलं, हा काय म्हणतो. मी कानाशी जाऊन सांगितलं. तसे ते काठी टेकून उभे राहिले. त्यांना स्वतःचा आवाज कळत नाही, त्यामुळे वेशीपर्यंत ऐकू गेलं असेल. म्हणाले की ही कामाला चालली न्हाई, त्या मुलखातल्या शेतकऱ्यांनी हिला शिकवायला बोलावलं, अन हे तुमच्या कागदावर लिवा. हवालदार म्हणाले, तशी जागा कागदावर नाही. मामांना काही ऐकू आलं नाही, ते तसेच उभे. शेवटी हवालदारांनी कडेला बारीक अक्षरात लिहिलं, आणि माझ्याकडे बघून विचारलं की ताई, नक्की काय शिकवणार. मी त्यांना गिरणीत नेलं.

काल पासपोर्ट आला. पोस्टमननं मामांच्याच हातात दिला. ते ओसरीत बसले, चष्मा पुसला, माझा फोटो बघितला, मग एकेक पान उलटून शेवटपर्यंत गेले. मी समोर उभी. काही चुकलं का म्हणून मी विचारलं, पाटीवर लिहून. ते म्हणाले, चुकलं काही न्हाई, पानं सगळी कोरी हायत. जा, भरून आण.

पंचवीस तारखेला निघते. तुमच्या घरी एक मुक्काम करून पुढे जाईन, आंबाडीची भाजी करून ठेवा. तिकडे किती लांब असले तरी तुमचा लोभ पोचेल, एवढा धरून ठेवा.

तुमची,
राजकन्या